कोमट पाणी

"बाळाले हात लावू नका, जाऊबाई."

शारदा हे ओरडून बोलली नाही, म्हणूनच ते मंजुळेच्या काळजात खोल उतरलं. पाळण्यातलं तान्हं कुरकुरलं म्हणून तिनं नुसता हात पुढं केला होता… तो मुकाट्यानं पदराखाली परत गेला. ईस्टरला फादर नांदुऱ्याच्या स्टेशनावर उतरून बैलगाडीनं वस्तीवर येणार होते आणि या बाळाचा बाप्तिस्मा व्हायचा होता. बाळाला हातांवर घेऊन उभी राहणारी धर्ममाता म्हणून शारदेनं वडनेरच्या मावशीला बोलावणं धाडलं होतं. थोरली जाऊ घरात असताना!

मंजुळेनं मग कुणाला न सांगता गाठोडं बांधलं. फादर परत निघाले की त्यांच्याच गाडीत बसायचं, मिशनच्या सिस्टरांच्या दवाखान्यात भांडी घासायची. निदान आपल्या सावलीनं या घरातलं लेकरू तरी दचकणार नाही.

घर मात्र तिचंच होतं. सून होऊन आली तेव्हा दीर उद्धव तिच्या कमरेएवढा होता. त्याची आई गेली, मागोमाग मंजुळेचा नवरा गेला, आणि पोटी काही नसलेल्या त्या बाईनं या पोराला भाकरीबरोबर आपलं आयुष्य भरवलं. वस्तीतल्या सगळ्यांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला. फादरांनी तिला संत मोनिकेचं नाव दिलं, वाट चुकलेल्या लेकासाठी वर्षानुवर्षं देवापाशी रडलेल्या त्या माउलीचं. आणि उद्धवला दिलं येशूच्या थोरल्या शिष्याचं, पेत्राचं. पुढं उद्धव वस्तीचा धर्मशिक्षक झाला, शारदा त्याची बायको होऊन घरात आली. रोज दिवेलागणीला तो ओसरीवर शुभवर्तमानातली येशूची कथा वाचायचा, आणि अक्षर न येणारी मंजुळा ऐकलेलं ते सारं पहाटे जात्यावर पिठाबरोबर ओवीत गुंफायची…

*क्रुसाच्या पायथ्याशी, उभी मारिया माउली*
*तिच्या पदरात बाई, साऱ्या लेकरांची साउली…*

मानमोडी तापाच्या साथीत मात्र ती ओवी तिच्या ओठांवरच थिजली होती. शारदा तापानं बेशुद्ध, कुशीत तिचं पहिलं लेकरू निळं पडत चाललेलं, आणि फादर दूर कुठंतरी, साथीतल्या दुसऱ्या गावात. लेकरू मरणाला टेकलं की कुणीही पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतं, हे वस्तीला शिकवलं होतं ते उद्धवनंच! पण त्यानं तांब्या उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. आपण पाणी घातलं म्हणजे आपणच लेकराची आशा सोडली, असं त्याला वाटलं. वहिनी, तुम्हीच करा, एवढंच तो कसाबसा म्हणाला. मंजुळेनं केलं, उद्धव तोंड फिरवून दाराआड उभा राहिला. आणि नेमक्या त्याच क्षणी शारदेनं डोळे उघडले.

संध्याकाळी लेकरू गेलं. तापलेल्या जिवावर थंड पाणी ओतून जावेनंच त्याला मारलं, हे शारदेच्या मनानं घेतलं ते घेतलंच. तुम्ही कुठं होता, असं तिनं नवऱ्याला विचारलं, तेव्हा उंबऱ्याकडे बघत उद्धव म्हणाला होता, मी घरात नव्हतो.

मंजुळेनं तेव्हा फक्त त्याच्याकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर लेकराबरोबर नवराही शारदेच्या मनातून गेला असता… ती गप्प राहिली. वर्षं गेली, तरी गप्पच राहिली.

उद्धवचा घसा मात्र दर साली ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात बसायचा. महायाजकाच्या अंगणातला, शेकोटीपाशी पेत्रानं कोंबडा आरवायच्या आत तीनदा गुरूला नाकारल्याचा उतारा आला की तो पुस्तक शेजारच्या मोतीरामबुवांच्या हाती द्यायचा. यंदा बुवांना दिसेनासं झालं होतं.

पवित्र गुरुवारी दिवा लागला. उद्धवनं पुस्तक उघडलं आणि नुसता बसून राहिला.

"बुवा, तुमच्यानं नाई होत तर याच्यानं बी नाई होत. मले तं सैतान याच्या घशातच राह्यते असं वाटते," मोतीरामबुवांची म्हातारी पुटपुटली. दोघं-चौघं हसले.

मंजुळा चटकन पुढं सरली. "राहू द्या, भाऊजी. आज मी ओवी म्हनतो."

आजही ती त्यालाच झाकत होती… उद्धवला ते सोसलं नाही. मान हलवून तो वाचू लागला. दासीनं पेत्राला ओळखलं, पेत्र नाही म्हणाला. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हणाला. आणि कोंबडा आरवायच्या आधीच उद्धवचा आवाज फुटला.

"शारदा, मी घरातच होतो."

त्यानं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"पानी वहिनीनं आपल्या मनानं नाई टाकलं. माह्यानं झालं नाई म्हनून मीच त्याईले सांगतलं. अन् तू इचारलं तवा… मी नाई म्हनलो."

शारदेनं नवऱ्याकडे पाहिलं. मग वळली ती जावेकडे. तिच्या आवाजात राग नव्हता, आईची एक जुनी, उपाशी तहान होती.

"तो दचकला का हो, जाऊबाई? पानी पडलं तवा?"

"नाई, बाई." मंजुळेचे डोळे भरून आले. "चुलीवर कोमट केलं होतं मी. मनगटावर टाकून पाह्यलं होतं. निवांत पडला होता."

"अन् नाव? नाव काय देलं त्याले?"

"योसेफ."

"योसेफ…" शारदेनं ते नाव ओठांवर घेतलं, जणू आत्ताच कुणी लेकरू तिच्या ओटीत घातलं. आणि ती जावेच्या मांडीवर डोकं ठेवून अशी रडली, की साथीच्या सालापासून आत साठलेलं सगळं वाहून गेलं.

उद्धव खाली मान घालून बसला होता. मंजुळेनं त्याच्या केसांवरून हात फिरवला, कमरेएवढा होता तेव्हा फिरवायची तसाच. "तुमच्या नावाचा संत बी रडलाच होता, भाऊजी. तरी देवानं स्वर्गाच्या चाव्या त्याच्याच हाती ठेवल्या."

ईस्टरच्या सकाळी वडनेरची मावशी आली, पण आहेर घेऊन पाहुणी म्हणून. गाठोडं कुणी सोडलं ते मंजुळेला कळलंच नाही. लुगडी पुन्हा दोरीवर होती. फादर वेदीपाशी वाट बघत होते, नवं बाळ मंजुळेच्या हातांवर होतं, आणि शारदा चुलीवरून उतरवलेला तांब्या पदरात धरून लगबगीनं आली. पण फादरांच्या हाती देण्याआधी ती जावेपुढं थांबली. बाळाखालचं मंजुळेचं मनगट तिनं हलकेच बाहेर काढलं आणि त्यावर चार थेंब सोडले.

"तुमीच पाहा, जाऊबाई," ती म्हणाली. "झालं का कोमट?"