खोटा सुळका

साहेब, तुम्ही खोटारडे आहात! यंत्र तपासून शिफारस मी करायची होती. तुम्ही ती माझ्या नावाने आधीच टाइप करून ठेवलीत, खाली फक्त सहीपुरती जागा सोडलीत. आता सगळं ऐका, तुम्हाला ठाऊक नाही तेसुद्धा.

त्या सकाळी धुळे-जळगाव एसटीत खिडकीची जागा गोधडीत गुंडाळलेल्या खोक्याने अडवली होती. शेजारी एक सावळा तरुण.

"याला खिडकी, आणि मी उभी?"

"याचं पूर्ण तिकीट काढलंय, बाई." तो हसत उठला. "माझ्या जागेवर बसा... फक्त याला धरा. नाजूक आहे."

"आणि मी दणकट?"

त्याचे कान लाल झाले! पारोळा येईपर्यंत त्याने तीनदा विचारलं, "हात अवघडला का?" तिन्ही वेळा मी नाही म्हटलं. हात पार बधिर झाला होता... पण त्याने विचारायचं थांबवलं असतं ना!

जळगावला उतरल्यावर तासाभराने तोच आपल्या वायरलेस वर्कशॉपच्या दारात. अभिमन, यंत्र विकणाऱ्या कंपनीचा माणूस. खोक्यात होतं ते तुम्ही पसंत केलेलं यंत्र.

मेहरूणच्या टॉवरवर दोन ट्रान्समीटर एकदम चालले की अॅम्ब्युलन्सच्या वायरलेस सेटमध्ये तिसरीच लहर उमटायची, ड्रायव्हरला निरोप ऐकू येत नसे. कोणता सेट ती लहर बनवतो, हे शोधायला यंत्र हवं होतं.

मी दोन सिग्नल-जनरेटरच्या लहरी एका सेटमधून यंत्रात सोडल्या. पडद्यावर दोन उंच हिरवे सुळके, बाजूला तिसरा बुटका. "पकडला दोष!" म्हणून तुम्ही टाळी वाजवलीत.

मी यंत्राच्या तोंडाशी सिग्नल दहा डेसिबलने कमी करणारा तुकडा लावला. दोन्ही उंच सुळके दहाने उतरले. तिसरा खरा असता तर तोही दहानेच उतरला असता. तो तीसने कोसळला. सेट निर्दोष होता... ती लहर यंत्र स्वतःच बनवत होतं. पडद्याच्या काचेत अभिमनची आणि माझी नजर भिडली.

"सही कर," तुम्ही म्हणालात, "नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मी पेन खाली ठेवलं.

"तू सांग रे, बाईला काही कळतं का?"

अभिमनने एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"बाई बरोबर आहेत. या कामाला हे घेऊ नका." आणि तेच त्याने कागदाच्या पाठीवर लिहिलं, कंपनीचा शिक्का मारला!

बाहेर लिंबाखाली तो गोधडी बांधत पुटपुटला, "बठ्ठं गयं..." सगळं गेलं म्हणे!

"वेडा आहेस का? नोकरी घालवलीस!"

"आता अरे-तुरे?"

"मग काय आरती ओवाळू?"

तो हसला. गाठ काही केल्या बसेना, म्हणून मी तिच्यावर बोट धरलं. गाठीत अडकलेलं ते बोट त्याने सोडवलं नाही.

"यशोदा... पारोळ्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकीन. जम बसला की... म्हणजे वर्षा-दोन वर्षांनी... तुमच्या घरी..."

"साहेबांसमोर जीभ बरी चालली, आता का अडखळते?"

"बेकार माणसाने कोणत्या तोंडाने यायचं?"

"खरं बोललं त्याच तोंडाने. आमचे नाना रविवारी घरीच असतात. या रविवारी येतोस की नाही? हो म्हण, नाहीतर नाही म्हण... पण आत्ता बोल!"