चादरी पुन्हा वाळतील

"गेल्या दोन आठवड्यांत तुमचा कुणा आजारी माणसाशी संबंध आला होता का?"

तिने फाटकाच्या आतून विचारलं. विचारलं कसलं, तोंडातून आपोआप निघालं. सुट्टीला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे विचारायचं, त्याने 'नाही' म्हणायचं, मग कपाळासमोर तापमापक धरून किल्ली हवाली करायची. हे सगळं तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी तिने न अडखळता म्हणून दाखवलं असतं.

फाटकाबाहेरच्या माणसाने मात्र जरा विचार केला.

"हो," तो म्हणाला.

"अं…?"

"रोजच येतो. मी ॲम्ब्युलन्स चालवतो."

तिने पहिल्यांदाच मान वर करून नीट पाहिलं. मास्कच्या वर दोन लालबुंद डोळे होते आणि ते उघडे ठेवायला त्याला बरेच कष्ट पडत होते.

"अहो, इथे 'नाही' म्हणायचं असतं!" तिच्या तोंडून निघून गेलं.

"माहीत आहे. आधीच्या दोन ठिकाणांहून हाकलल्यावर कळलं. पण खोटं बोललं की ते लक्षात ठेवावं लागतं, मॅडम… आणि माझ्या डोक्यात आता तेवढी जागा नाही."

त्याने तपासणीचा कागद फाटकाच्या गजांवर धरला. परवाचाच होता, दोष काही नव्हता. आठवडाभराची रजा मिळाली होती. घरी भावाचं तान्हं बाळ, त्यामुळे तिथे जायला मन धजत नव्हतं. "मला काही बघायचं नाही, फिरायचं नाही," तो म्हणाला. "फक्त झोपायचं आहे."

झोप हा शब्द त्याने अशा काही ओढीने उच्चारला की तिच्याच पापण्या जड झाल्या.

घर तिच्या मावशीचं. पुढच्या खोल्या सुट्टीच्या पाहुण्यांना भाड्याने, मागे स्वयंपाकघर आणि या दोघींचं बिऱ्हाड, आणि मागच्या अंगणापलीकडे एक सुटी खोली. तिचं दार वेगळं, न्हाणीघर वेगळं. मावशीची छाती नाजूक, म्हणून सगळे नियम भाचीच्या गळ्यात. एकेकाळी हीच मुलगी पाहुण्यांबरोबर तासन्‌तास गप्पा छाटत बसायची. आता दाराच्या मुठी पुसा, दिव्यांची बटणं पुसा, टीव्हीचा रिमोट पुसा, पाहुणे गेले की खिडक्या उघड्या टाकून खोली दिवसभर रिकामी ठेवा, आणि "आमच्याकडे असलं काही नाही हो" म्हणणाऱ्यांशी वाद घाला. बिचारीचा जीव मेटाकुटीला आला होता. जंतुनाशकाने हातांची सालं निघाली होती.

"कोण आहे गं?" मावशीने खिडकीतून विचारलं.

"ॲम्ब्युलन्स चालवतात. कागद ठीक आहे. मागच्या खोलीत ठेवू का?"

"माणूस कसा वाटतो?"

"दमलेला."

"मग आपल्यातलाच म्हण की," मावशी म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

तो मागच्या फाटकाने आत आला आणि जो झोपला तो झोपलाच. अंगणाच्या मधोमध एक स्टूल होतं. त्यावर तिने डबा ठेवायचा, मागे सरायचं, हाक मारायची, मग त्याने येऊन डबा न्यायचा, असं ठरलं होतं. पण डबा जागचा हलेना. दुसऱ्या दिवशी दुपारीही हलला नाही, तेव्हा मात्र तिला राहवेना. लांब दांड्याचा झाडू घेऊन तिने लांबूनच दार ठोकलं.

"अहो! जिवंत आहात ना?"

आतून बऱ्याच वेळाने आवाज आला. "…कुणाला न्यायचंय?"

तिला हसू आलं, आणि लगेच रडूही आलं. "कुणालाही नाही," ती ओरडली. "जेवायचंय!"

त्या दिवसापासून दोघांच्या गप्पा सुरू झाल्या. ती स्वयंपाकघराच्या पायरीवर, तो आपल्या उंबऱ्यावर, मध्ये अख्खं अंगण आणि दोघांच्या तोंडावर मास्क. हळू बोलायची सोयच नव्हती. साधं "चहा घेतलात का?" सुद्धा भांडल्यासारखं ओरडून विचारावं लागे.

"तुमच्या हातांना काय झालंय?" एकदा तो तिथून ओरडला.

"काही नाही, असेच आहेत!"

"असे कुणाचे नसतात!"

संध्याकाळी धुतलेल्या डब्याशेजारी स्टुलावर मलमाची एक अर्धी ट्यूब होती. "पुसून ठेवली आहे हं," तो ओरडला, "नियमाप्रमाणे!" तिने ती उचलली आणि उगाचच पाठ फिरवली. मास्क होता म्हणून बरं, नाहीतर चेहऱ्यावरचं सगळं त्याला वाचता आलं असतं.

पुढच्या खोल्यांत एक मोठं कुटुंब उतरलं होतं. कुटुंबप्रमुख घरातसुद्धा उन्हाची टोपी घालून हिंडायचे, म्हणून तिने मनातल्या मनात त्यांचं नाव टोपीकाका ठेवलं होतं. त्यांना रोज एक नवा नियम जाचायचा. त्या दिवशी त्यांच्याशी हुज्जत घालून, पाच खाटांच्या चादरी धुऊन, मागच्या अंगणात वाळत घालून ती वळचणीखालच्या पायरीवर बसली. तो समोरून काहीतरी सांगत होता. त्याच्या गाडीचं मागचं दार कसं कुरकुरतं, असलंच काहीतरी. ती ऐकत होती… ऐकता ऐकता डोकं भिंतीला टेकलं…

जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. मातीचा ओला वास येत होता. दोरीवरच्या सगळ्या चादरींतून पाणी ठिबकत होतं आणि तो आपल्या दारात, अर्धा भिजलेला, तसाच उभा होता.

"पाऊस पडून गेला?" ती ताडकन उठली. "अहो, मग हाक मारायची ना! सगळं धुणं फुकट गेलं!"

"चादरी पुन्हा वाळतील," तो म्हणाला. "तुमची झोप पुन्हा लागली नसती."

"मग निदान काढायच्या तरी…"

"मी हात लावला असता तर तुम्ही त्या पुन्हा धुतल्याच असत्या. नियम तुमचाच आहे."

"आणि तुम्ही असे भिजत का उभे होतात?"

तो नजर खाली घालून म्हणाला, "भाजीवाला येऊन गेला, तो हाका मारत होता. त्याला लांबूनच खुणा करून गप्प केलं. नंतर पुढची मुलं चेंडू घ्यायला आली… म्हटलं, आत गेलो तर कुणीतरी उठवायचं तुम्हाला."

इतक्या महिन्यांत तिची झोप कुणी राखली नव्हती. घरात, दारात, फोनवर जो तो तिला उठवायलाच टपलेला. ती ओल्या चादरींकडे बघत राहिली आणि तिच्या लक्षात आलं की आपण याच्यात पुरत्या गुंतलो आहोत. तो परत गेला तर हे अंगण आपल्याला खायला उठेल. पण एवढी गोष्ट ओरडून कशी सांगायची? आणि जवळ जाऊन सांगायची सोय नव्हती. उद्या बघू म्हणत तिने चादरी काढल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने आपला गणवेश धुऊन खिडकीत वाळत घातला. पाठीवर ठळक अक्षरांत 'रुग्णवाहिका' लिहिलेलं. चेंडूच्या मागे आलेल्या मुलांनी ते वाचलं आणि दुपारपर्यंत टोपीकाका सगळं कुटुंब घेऊन बाजूच्या ओट्यावर हजर.

"हे आम्हाला आधी का नाही सांगितलं? हा माणूस रोज आजाऱ्यांना उचलतो! एक तर तो जाईल, नाहीतर आम्ही जाऊ!"

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. अख्खा हंगाम रिकामा गेल्यावर मिळालेलं हे पहिलं मोठं कुटुंब. तिने आत मावशीकडे पाहिलं. मावशी म्हणाली, "तू बघ बाई काय ते. जेवणाखाणाचं आपलं कसंही भागेल."

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. तो खांद्यावर बॅग घेऊनच बाहेर आला. गणवेश अजून ओला होता, तो हातावर टाकलेला.

"मॅडम, मी निघतो," त्याने तिथूनच सांगितलं. "तुम्हाला त्रास नको. मला सवय आहे."

"कुठे जाणार?"

"दवाखान्यात उभ्या गाडीत जागा असते की. मागे आडवं होता येतं."

ज्या गाडीत त्याने इतक्यांना कण्हताना ऐकलं, तिथेच हा आता झोपणार. तो मागच्या फाटकाकडे वळला.

"थांबा!" ती ओरडली. मग टोपीकाकांकडे वळली. "त्यांची खोली वेगळी, दार वेगळं. तपासणीचा कागद मी स्वतः पाहिलाय. आल्यापासून ते अंगणाच्या अलीकडे आलेले नाहीत. तुमची मुलं मात्र दिवसातून दहादा पलीकडे जातात. ते कुठेही जाणार नाहीत."

"एवढी बाजू घेताय," टोपीकाका तडकले, "कोण लागतो तो तुमचा?"

फाटकाच्या कडीवर त्याचा हात तसाच राहिला. मास्क तिच्या ओठांना चिकटत होता, आणि एवढ्या अंतरावरून पोचायचं तर मोठ्याने बोलण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"अजून कुणी नाही," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "पण लागावा… असं मला वाटतं."

ओट्यावर कुणीतरी खुदकन हसलं. टोपीकाकांनी तोंड उघडलं, पण काकूंनीच त्यांना दंडाला धरलं. "चला आत. मी आता पुन्हा सामान बांधणार नाही. आणि मुलांनो, मागे पाऊल टाकलंत तर बघा!" सगळे पांगले.

तो फाटकाशीच उभा होता. ती दारातच होती. पुढे जाता येत नव्हतं आणि मागे फिरवत नव्हतं.

"ऐकलं ना?" तिने विचारलं. "का पुन्हा सांगू?"

त्याने बॅग खाली ठेवली. फाटकाला पाठ टेकून तो हळूहळू खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी डोळे झाकले. खांदे हलत होते. हसतोय की रडतोय ते तिला कळेना.

"काय झालं? बोल ना!" अहो-जाहो कधी गळून पडलं ते तिलाही कळलं नाही.

"काही नाही…" हातांच्या आडून त्याचा आवाज आला. "इतके महिने जो तो मला म्हणतो, लवकर ने, लवकर जा. थांब असं कुणी म्हटलंच नव्हतं."

ती दारातच खाली बसली.

"मग आता म्हणते आहे ना," ती म्हणाली. "थांब."