वरचा बघतो, खालचा टिपतो

दिवा नका मालवू, नुसतं दार लोटून घ्या. जवळ सरका. ही थाप नाही. ज्याच्यावर बेतलं तो माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला.

धाकटा म्हणायचे त्याला. थोरल्या भावाबरोबर फोटो स्टुडिओ चालवायचा. थोरल्याचा सगळा जीव एका जुन्या कॅमेऱ्यात. चौकोनी डबा, एकावर एक दोन भिंगं, वरून मान घालून काचेत बघायचं. थोरला हसून म्हणायचा, "आम्हा भावांसारखाच आहे. वरचा बघतो, खालचा टिपतो." पुढे थोरला दम्याने गेला, डार्करूममध्येच. कॅमेरा धाकट्याकडे आला.

यंदाच्या एकोणतीस जानेवारीला, गुरुवारी रात्री, वहिनीने त्याला बोलावलं. घर सोडून ती लेकीकडे राहायला निघाली होती. "भाऊजी, या खोलीत माझा एक फोटो काढा. ह्यांच्याच कॅमेऱ्याने."

साधं काम. वहिनी खुर्चीत बसली. धाकट्याने फिल्म भरली, कॅमेरा पोटाशी धरला, काचेत पाहिलं.

खुर्चीमागे थोरला उभा होता.

मान वर केली. नुसती भिंत.

पुन्हा खाली पाहिलं. थोरला.

कॅमेरा वळवला की चित्र सरकतं. वहिनी सरकली. खुर्ची सरकली. थोरला मात्र काचेत मधोमध. आणि आता जवळ.

"भाऊजी, एवढा घाम का फुटलाय?"

"काही नाही... उजेड कमी पडतोय."

टक... टक...

डब्याच्या आतून.

वहिनीनेही ऐकलं. "कोण ठोठावतंय?"

काचेत थोरल्याचं तोंड उघडं. हवा ओढत होता. ठोठावणं वाढलं. कॅमेरा हातातून सुटेना.

"वहिनी... या कॅमेऱ्यावरून भांडलो होतो आम्ही. डार्करूमची कडी मी घातली. त्याला दमा उसळला. तो ठोठावत होता... मी बाहेरच उभा होतो."

"किती वेळ?"

"...थांबेपर्यंत."

ठोठावणं बंद झालं.

वहिनी उठली. ओरडली नाही. रडली नाही. बाहेर गेली. दार ओढलं. कडी घातली.

"वहिनी! दार उघडा!"

"आता ह्यांच्याशीच बोला, भाऊजी."

आतला दिवा गेला. धाकटा दारावर मुठी आपटत राहिला. मग नुसती घरघर. मग तीही...

वहिनी दाराबाहेर बसून होती. उजाडल्यावर तिने कडी काढली. जिवंत होता तो. पण ज्याला जन्मात कधी साधा खोकला झाला नाही, त्याची छाती भात्यासारखी वाजत होती. आजही वाजते. बोलणं म्हणाल तर अवाक्षर नाही. काचेत काय दिसलं ते त्याने मला कागदावर लिहून दिलं; बाकी सगळं वहिनीनेच सांगितलं, डोळ्यांत टिपूस न आणता.

कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे पडलाय. खालच्या भिंगावर वाफ धरते. आतल्या बाजूने. त्याने भिंग काढून पुसलं, परत बसवलं. पुन्हा वाफ. बघत बसलं की विरते... धरते.

विरते...

धरते.