आडव्या बाटलीचं मत

त्या घराच्या मागच्या ओट्यावर एक मावशी मेथी निवडत बसल्या होत्या. जानेवारीचं कोवळं ऊन त्यांच्या परातीत सांडलं होतं. मी कागद पुढे केला.

"मावशी, सही हवी होती. कॉलनीतला परमिट रूम बंद करायचाय."

त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि आत हाक मारली, "ललित, हाई पोर काय म्हणी राहिनी, देख बरं!"

तो बाहेर आला. बाह्या दुमडलेल्या, हातांना ठेचलेल्या आल्याचा वास. त्याने कागद शांतपणे वाचला.

"कोणता परमिट रूम?"

"तोच… पुढच्या रस्त्यावरचा. निळ्या पाटीचा."

"मग तुम्ही त्याच्याच स्वयंपाकघरामागे उभ्या आहात. आणि सही मागताय मालकाच्या आईची. धाडस आहे."

मी कागद ओढून घेतला. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

"बसा," तो म्हणाला. डोळ्यांत हसू होतं, ओठांवर मात्र नव्हतं. "चहा घ्या. चहाला अजून परवाना लागत नाही."

सातपूरच्या कारखान्यांचा भोंगा झाला की आमच्या कॉलनीचा रस्ता दुभंगायचा. एक प्रवाह घरांकडे, दुसरा त्या निळ्या पाटीकडे. माझ्या आशाताईचा नवरा दुसऱ्या प्रवाहातला. त्यांची लहानगी सृष्टी खिडकीत बसून असायची. बापाच्या चालीवरून तिला कळायचं, आजची संध्याकाळ कशी जाणार ते.

नगरसेवकांनी हात झटकले होते. परवाना महापालिका देत नाही, म्हणाले. बंदच करायचा असेल तर वॉर्डातल्या बायकांनी सह्या गोळा करून मतदान मागावं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. यादीतल्या निम्म्याहून अधिक बायकांनी आडवीवर शिक्का मारला तर परमिट रूम बंद. यादीतल्या, नुसत्या मत द्यायला आलेल्यांच्या नव्हे. म्हणजे जी घरी राहील ती आपोआप उभ्या बाटलीची. नियमातल्या या एका ओळीने आमच्या मोहिमेच्या पुढारी लंकाबाईंची झोप उडवली होती. माझीही… पण निराळ्या कारणाने.

कारण त्या चहाच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या बसथांब्यापाशी त्याची मोटारसायकल उभी होती.

"आज किती सह्या?"

"शत्रूला आकडे सांगत नाहीत."

"शत्रू तुम्हाला कॉलेजपर्यंत सोडू शकतो."

"शत्रूच्या गाडीवर बसले, तर लंकाबाई आधी माझीच सही खोडतील."

"मग बसच्या मागे येतो. रस्त्याला तरी तुमच्या लंकाबाईंची हरकत नसावी."

आणि तो खरोखरच आला. धुक्याने आंधळ्या झालेल्या मागच्या काचेवर मी बोटाने एक वर्तुळ पुसलं. त्या वर्तुळात त्याचा दिवा थरथरत होता – एखादा शब्द ओठांपर्यंत यावा आणि उच्चारला जाऊ नये, तसा.

सह्या पुऱ्या झाल्या, पडताळणी झाली, मतदानाची तारीख लागली. त्या आठवड्यांत 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. पण तारीख जवळ आली तसे शब्द आखडत गेले. गंगापूर धरणाच्या बांधावर एका दुपारी आम्ही पाणी पाहत बसलो होतो.

"तुझ्या भाऊजींना मी दारू देणं बंद केलं होतं," तो अचानक म्हणाला. "ते दुसरीकडे गेले आणि हायवेवर ट्रकखाली येता येता वाचले. मग पुन्हा देऊ लागलो. निदान मला त्यांना घरी पोचवता येतं."

"ते पोचवणं सृष्टी खिडकीतून बघते, ललित. तिला वाटतं, बाबांना असं करणारा माणूस तूच."

वारा पाण्यावर सुरकुत्या पाडत राहिला.

"परवाना गेला तर बाबांचे भागीदार झुंबरकाका भागीदारी मोडणार," तो म्हणाला. "बाबा गेल्यावर ती एवढीच उरलीय. आई आणि मी… पुढचं दिसत नाही मला."

"मग सांग ना. सांग मला, त्या दिवशी घरी थांब म्हणून."

"नाही सांगणार."

"का?"

"तू थांबशीलही. आणि मग आयुष्यभर माझ्याकडे मान खाली घालून पाहशील." त्याने नजर वळवली. "मला ती ताठ आवडते."

मतदानाच्या आदल्या दिवशी तो थांब्यावर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"काकांनी उद्यासाठी बस ठरवल्यात. बायकांना वणीच्या गडावर, फुकट. साडीचोळीसकट. पहाटे निघायचं आणि अंधार पडल्यावर परतायचं."

"हे मला का सांगतोयस?"

"मला जिंकायचंय, विशाखा. पण असं नाही." त्याने गाडी सुरू केली. "आईला मी यातलं काही बोललेलो नाही. तीही जातेय. ओटी तीच भरणार देवीची."

पहाटेच्या थंडीत मी आणि लंकाबाई बसपाशी पोचलो. खिडक्यांतून नव्या साड्यांची सळसळ, शेंगदाण्याच्या लाडवांचा वास, हसणं. लंकाबाई हात जोडत होत्या. "आधी मत द्या गं, मग जा!"

"कधी नाही ते घराबाहेर पडतोय, बाई," आतून कुणीतरी म्हणालं. "मत काय, पुढच्या वेळी देऊ."

मला तिचा राग आला नाही. त्या बायकांच्या वाट्याला तेवढंच तर आलं होतं, खिडकीजवळची एक जागा. इंजिन घुरघुरलं. लंकाबाई खाली दगडावर बसल्या.

एवढ्यात पुढच्या बसच्या दारात शकुमावशी उभ्या राहिल्या. ललितची आई. हातात ओटीचं ताट.

"बूथ कधी उघडस?"

"आठला," मी म्हणाले.

"मंग आठ वाजाले जाऊत. पहिले शिक्का, मंग गड."

झुंबरशेठ धावत आले. "वहिनी, वेड लागलं का? बसा गप! आपल्याच पोटावर पाय देता?"

"देवीले मी सांगसू, थोडा उशीर व्हयना म्हणीसन." त्या पायरी उतरल्या. "वटी मनाजोडे शे. मनाबिगर जाशात?"

मावशींशिवाय, ओटीशिवाय बस जाणार कुठे? एकेक साडी खाली उतरू लागली.

शाळेतल्या बूथवर, मतदानाच्या पडद्याआड मी एकटी होते. कागदावरची आडवी बाटली दमून निजल्यासारखी दिसत होती. उभी, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखी. शिक्का हातात होता आणि हात हवेत… खिडकीतली सृष्टी आठवली. बांधावरचा ललित आठवला. मग मी शिक्का उमटवला.

शकुमावशींनी आपला शिक्का कुठे मारला, हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. त्या थेट बसमध्ये जाऊन बसल्या.

संध्याकाळी निकाल लागला. आडवी बाटली, थोडक्यात, पण नक्की. ढोल सुरू झाले, लंकाबाईंनी माझ्या गालांना गुलाल फासला आणि मला मिठी मारून त्या रडल्या. फाटकाबाहेर, गर्दीपासून दूर, ललित उभा होता. मी त्या गुलालासकट त्याच्याकडे चालत गेले.

"अभिनंदन," तो म्हणाला.

"राग आलाय?"

"आलाय. कुणावर, ते ठरत नाही. तुझ्यावर ठरला असता तर सोपं झालं असतं."

"मी आडवीवर मारला शिक्का."

"माहीत आहे."

"पुन्हा मतदान झालं तर पुन्हा तिथंच मारेन."

"तेही माहीत आहे."

"आणि तरीही…" ढोलांमुळे मलाच माझा आवाज ऐकू येईना. "तरीही मला तुझ्याबरोबर राहायचंय. तुझं हॉटेल चालो, न चालो. तुझ्या घरचे, माझ्या घरचे… काहीही म्हणोत."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याच्या ओठांवर हसू आलं – थकलेलं, अर्धं, पण खरं.

"ऐकू नाही आलं," तो म्हणाला. "मोठ्यानं सांग. हे काही गुप्त मतदान नाही."

मी मोठ्यानं सांगितलं. इतक्या मोठ्यानं, की ढोल वाजवणारे थांबले, आणि लंकाबाईंनी डोळे पुसता पुसता मागे वळून पाहिलं.