चित्राबाहेरची रोहिणी

भुतं रात्रीच निघतात असं मानणाऱ्यांनी हे वाचूच नये.

ही भर दुपारची गोष्ट आहे. गेल्या पावसाळ्यातली, मंगळवारची. आणि खरी आहे. खोटं सांगून मला काय मिळणार? उलट गिऱ्हाईक तुटेल.

मी मतीन. सिरसाळ्यात डिश बसवायचं काम करतो.

शेतीची वाहिनी एचडी झाली आणि मला फोनवर फोन सुरू झाले. त्यातला एक जवळच्याच वस्तीवरच्या सुंदरबाई मावशींचा.

"मतीन, मला रुंद टीव्ही पायजे. आजच."

गेलो. टीव्ही भिंतीवर चढवला. मावशींचे मालक, आश्रुबा, बाजेवर बसून होते.

"एवढी घाई कावून, मावशी?"

मावशींनी सांगितलं आणि माझे हात थांबले.

बऱ्याच वर्षांपूर्वी याच वाहिनीनं आश्रुबांच्या सीताफळाच्या बागेत शूटिंग केलं होतं. सीताफळाच्या हंगामात तो कार्यक्रम पुन्हा दाखवतात; आज दुपारीही लागणार होता. त्यांची लहानगी रोहिणी तेव्हा बापाला खेटूनच उभी होती. पण चित्रात फक्त तिचा हात आला. बापाचा सदरा मुठीत घट्ट धरलेला हात.

पुढच्याच महिन्यात पोरगी तापानं गेली.

तिचा एकही फोटो नाही. आहे तो एवढा हात.

"जुन्या टीव्हीत कडंची माणसं कापली जात्यात म्हणं," मावशी म्हणाल्या. "रुंदात समदी दिसत्यात. शेजारची चतुराबाई सांगत व्हती. आज माजी रोहिणी दिसंल."

मी खरं ते सांगितलं.

"मावशी, आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार? ती कॅमेऱ्यातच आली न्हाई. जुन्या कार्यक्रमाला दोन्ही बाजूंनी काळ्या पट्ट्या येतात, बास."

"तू लाव."

लावला.

मी म्हटलं तसंच झालं… मधे चित्र, दोन्हीकडे काळ्या पट्ट्या. बाग. तरणे आश्रुबा, निवेदिकेशी बोलणारे. आणि पट्टीच्या काठाशी… तो हात.

मावशी रडल्या नाहीत. उठल्या. टीव्हीजवळ जाऊन पट्टीवर बोट ठेवलं.

"ये की गं," म्हणाल्या.

निवेदिकेचा आवाज बंद पडला…

बागेतली पाखरं बंद पडली. मग बाहेर, अंगणातल्या कोंबड्याही गप्प झाल्या.

पट्टीत मनगट दिसलं.

मनगटामागं कोपर…

मग फ्रॉकची बाही.

मी रिमोटची सगळी बटणं दाबली. काही हललं नाही.

काळ्या पट्टीत एक पोरगी उभी होती. बाकीची बाग जुनी, धुरकट. ती मात्र लख्ख. पापण्यासुद्धा दिसत होत्या.

"माजी बाय…" मावशींचा आवाज फुटला.

आश्रुबांनी उपरणं तोंडात धरलं होतं.

रोहिणीनं मान वर करून चित्रातल्या बापाकडं पाहिलं.

मूठ सोडली.

आणि चालत निघाली… कडेकडं. पट्टी जिथं संपते, टीव्ही जिथं संपतो, तिथपर्यंत ती दिसली. नंतर नाही.

निवेदिकेचा आवाज परत आला. पट्टी पुन्हा काळी होती.

आश्रुबांच्या सदऱ्याला आता कुणाचाच हात नव्हता.

मी सामान गोळा केलं, गाडीला किक मारली आणि पळालो. भित्रा म्हणा, चालेल.

नंतर तो कार्यक्रम पुन्हा लागला. मी माझ्या घरी पाहिला. एका गिऱ्हाइकाकडं जुन्या डबा टीव्हीवरही पाहिला.

हात कुठंच नाही.

मावशींकडं लेकीची तेवढीच खूण उरली होती. तीही गेली. याचं मला भुतापेक्षा जास्त वाईट वाटतं.

आता मावशींचा रोज फोन येतो. आवाज शांत असतो, त्याचीच जास्त भीती वाटते.

"मतीन, ती चित्रातून निघाली रं. पर घरात न्हाई आली. समदीकडं हुडकलं. तू त्या दिशी दार उघडं टाकून गेलतास… तुज्या मागं तर न्हाई आली?"

मी रोज "न्हाई" म्हणतो. घाईघाईनं.

काल मात्र तेवढं म्हणायच्या आतच कुणीतरी मागून माझा सदरा मुठीत घट्ट धरला.