सावलीची कड

"ही सावली खोटी आहे."

झेरॉक्सच्या दुकानात माझ्या कागदांवरच्या आकृतीकडे वाकून बघत कुणीतरी म्हणालं. मी वळून पाहिलं — एक उंच माणूस, बाह्या दुमडलेल्या, बोटांवर भाजल्याच्या जुन्या खुणा.

"आपण कोण?"

"नाटकांना लाइट देतो. तुम्ही काय... सावल्या लिहिता?"

आठ वर्षं मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर उजेड-सावली पाडणारे प्रोग्रॅम लिहिले. मग आमचा विभागच बंद झाला आणि कंपनीनं मला त्याच प्रोग्रॅमची माहितीपुस्तकं लिहायला बसवलं. आई नातेवाइकांना अजून "प्रोग्रॅमर आहे" असंच सांगायची. मीही.

"वस्तूपासून लांब गेली की सावलीची कड विरत जाते," तो म्हणाला. "दुपारी थिएटरवर या, दाखवतो."

गेले. रिकाम्या रंगमंचावर त्यानं खुर्ची ठेवली, दिवा लावला. पायांपाशी सावली ठसठशीत, पुढे पुढे धूसर... गणित मला तोंडपाठ होतं. पाहिलं मात्र कधीच नव्हतं. माहितीपुस्तकातलं सावल्यांचं ते प्रकरण मी पुन्हा लिहून काढलं.

मग प्रत्येक प्रकरण आधी तो वाचायचा.

"इथं अडलो."

"कुठल्या शब्दाला?"

"शब्दाला नाही... तुम्ही वाकून बघताय ना, म्हणून."

मी लाजले नाही. म्हणजे — थोडीशीच.

आणि जुन्या साहेबांचा फोन आला. दुसरं शहर, नवी टीम, पुन्हा प्रोग्रॅमिंग. आई हरखून गेली. त्याला सांगितलं तेव्हा तो शिडीवर दिवा आवळत होता. खाली न बघताच म्हणाला, "तू जायला हवंस."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला, आणि तेही जा म्हणायला!

चार दिवस मी थिएटरकडे फिरकले नाही. सराव म्हणून कोड लिहायला बसले. चौथ्या दिवशी लक्षात आलं, कोड जेमतेम होता. तो समजावून सांगणाऱ्या ओळीच पानभर झाल्या होत्या. आणि त्या लिहिताना मी मजेत होते. साहेबांना नकार कळवला. आईला म्हटलं, "मी आता लिहिणारच." ती म्हणाली, "बरं. पण मावशीला तूच सांग."

पाचव्या दिवशी तो शिडीवरच होता.

"गेली नाहीस?"

"नाही. पण तुझ्यासाठी थांबले नाही हं. मला लिहायचंय, म्हणून."

"बरोबर आहे..." त्याचा आवाज खाली गेला.

"आणि तुझ्याशी लग्न करायचंय. ती वेगळी गोष्ट."

तो हळूहळू उतरला आणि शेवटच्या पायरीवर बसूनच राहिला.

"हे जरा... पुन्हा सांगतेस?"

मी त्याच्याशेजारी टेकले, आणि सावकाश पुन्हा सांगितलं.