चारुशीलाची छागल

उमरेडच्या पुढच्या जंगलात, डोंगराच्या एका कपारीत जुनी रंगवलेली चित्रं आहेत, असं एका गुराख्याने सांगितलं होतं. ती शोधायला १९७१ च्या एप्रिलमध्ये आम्ही चौघे नागपूरहून एस.टी.ने निघालो. पुढारी होती माझी बायको चारुशीला. बाकी मी, माझा मित्र बळीराम आणि आमचा प्रताप नगरातला शेजारी ओमप्रकाश. चारुशीला या पौषात गेली. तिची एवढी गोष्ट लिहून ठेवतो.

"वहिनी लीडर अन् मारोतराव हमाल," ओमप्रकाश बसमध्ये म्हणाला. खोटं नव्हतं. सगळा शिधा माझ्याच पाठीवर होता.

पाण्याची मोठी छागल बळीरामकडे होती. आपल्याकडे उन्हाळ्यात कॅनव्हासची ही पिशवी वाऱ्यावर टांगतात, म्हणजे पाणी गार होतं. दुपारी डोंगराच्या पायथ्याशी थांबलो, तेव्हा चारुशीला म्हणाली, "बळीरामभाऊ, तिले त्या फांदीले टांगा." मग आम्ही सावलीत आडवे झालो.

धप्पकन आवाज झाला. माकडं! छागल फाटून खाली पडली होती आणि माती पाणी पिऊन टाकत होती. बाटल्या आधीच रिकाम्या झाल्या होत्या.

"काहून टांगली गा एवढ्या दूर?" ओमप्रकाश बळीरामवर ओरडला.

"त्याले काही बोलू नका," चारुशीला म्हणाली. "मी सांगतलं म्हणून टांगली. चूक माही हाय."

वर कपार दिसत होती. थोडीच चढण उरली होती. "आलोच हावो तर पाहून येऊ," बळीराम म्हणाला. तेवढ्यात ओमप्रकाश मटकन खाली बसला. त्याचा घाम थांबला होता. तो भलतंच बोलू लागला. त्याला ऊन लागलं होतं.

"परत जायचं," चारुशीला म्हणाली. कपारीकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

ओमप्रकाशला धरून आम्ही खालच्या नाल्यात उतरलो. नाला कोरडा. वळणावर रेती जरा काळसर होती. चारुशीला ताटाने तिथे खणू लागली. मनगटापर्यंत कोरडी. कोपरापर्यंत कोरडी. ती थांबली नाही. मग तिची बोटं ओली झाली. पाणी!

पदरातून गाळून तिने आधी ओमप्रकाशला पाजलं, मग आम्हा दोघांना. शेवटी उरलेला गढूळ घोट तिने घेतला.

परतताना, जरा सावध झाल्यावर ओमप्रकाश म्हणाला, "आईले माकडांचंच सांगा, वहिनी, ऊन लागल्याचं नका सांगू. नाही तं मले पुन्हा जाऊ नाही देणार."

चारुशीलाने त्याच्या आईला, रुखमाबाईंना, दारातच सांगितलं, "माह्या चुकीनं पाणी गेलं, मावशी. तुमचा पोरगा थोडक्यात वाचला."

रुखमाबाई खूप बोलल्या. मी मध्ये पडणार होतो. चारुशीलाने मला हातानेच थांबवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

हिवाळ्यात आम्ही पुन्हा निघालो.

"कोणासंग चालला?" रुखमाबाईंनी ओमप्रकाशला विचारलं.

"चारुशीलावहिनीसंग."

"मंग जा," त्या म्हणाल्या, आणि दशम्या बांधून दिल्या.

नवी छागल चारुशीलाने बळीरामच्याच खांद्यावर दिली. दुपारी पायथ्याशी पोचलो. आम्ही तिघे आडवे झालो. छागल मांडीवर घेऊन ती जागी बसली.